वळूचा हिशेब

ऑस्ट्रेलियात मांसाच्या जनावरांचा लिलाव असला की गिऱ्हाइकाच्या हातात आधी यादी पडते. तीत प्रत्येक वळूच्या नावाखाली आकड्यांची ओळ असते: जन्मवजन, २००, ४०० आणि ६०० दिवसांचं वजन, पाठीच्या स्नायूचं क्षेत्रफळ, चरबीची जाडी. वळू कितीही देखणा असो, जाणता पशुपालक ही ओळ वाचल्याशिवाय बोली लावत नाही. हे आकडे येतात न्यू साउथ वेल्समधल्या आर्मिडेल गावातून, १९८५ साली सुरू झालेल्या ‘ब्रीडप्लॅन’ पद्धतीतून. तिचं शास्त्र सांभाळते ‘एजीबीयू’ ही संस्था. न्यू इंग्लंड विद्यापीठ आणि राज्याचं कृषी खातं यांनी ती १९७६ मध्ये मिळून उभारली.

वजनदार वळू म्हणजे उत्तम वंशाचा, हा जुना ठोकताळा. पण वजन वाढायला कारणं अनेक. पाऊस चांगला झाला, कुरण हिरवं राहिलं, आई ऐन वयातली होती, वासरू महिनाभर आधी जन्मलं. यातलं काहीच पुढच्या पिढीत उतरत नाही. म्हणून ब्रीडप्लॅन वासराची तुलना त्याच्या बरोबरीच्यांशीच करतं: त्याच कळपातली, त्याच लिंगाची, जवळपास त्याच वयाची आणि एकत्र चारलेली वासरं. वेगवेगळ्या कळपांना जोडतात ती नाती. एकाच वळूची वासरं दहा ठिकाणी वाढली, तर त्या दहाही ठिकाणांत तुलनेचा दुवा मिळतो.

या नात्यांचं गणित चार्ल्स हेंडरसन या अमेरिकी शास्त्रज्ञाचं. त्याच्या ‘ब्लप’ पद्धतीत आई-बाप, सावत्र भावंडं आणि संतती या सगळ्यांच्या नोंदी एकदमच सोडवल्या जातात. निघतं ते ‘अंदाजित पैदासमूल्य’. समजा, ६०० दिवसांच्या वजनासाठी एका वळूचा आकडा अधिक ६० आहे आणि दुसऱ्याचा अधिक २०. फरक ४० किलोचा. पण बाप अर्धाच वारसा देतो, म्हणून सारख्याच गायींपासून झालेल्या वासरांत सरासरी फरक २० किलोचा अपेक्षित. शेजारी अचूकतेची टक्केवारी असते. कोवळ्या वळूची ती कमी असते. त्याच्या वासरांच्या नोंदी येतील तशी वाढते. हल्ली केसांच्या मुळांतून काढलेला डीएनएही या हिशेबात धरतात, त्यामुळे वासरं होण्याआधीच अंदाज बळकट होतो.

मोजमापं मात्र हातानंच करावी लागतात. जिवंत जनावराच्या बरगडीवर सोनोग्राफी करून स्नायू आणि चरबी मोजतात. वळूच्या अंडकोषाचा घेर टेपनं घेतात, कारण मोठ्या घेराच्या वळूच्या कालवडी लवकर वयात येतात. खोड्यातून सुटलेलं जनावर पहिले दोनेक मीटर किती वेगानं पळतं, याचीही नोंद होते. सावकाश निघणारं जनावर शांत. शिवाय उष्ण प्रदेशातल्या जातींत शांत स्वभावाचं मऊ मांसाशी नातं आढळलं आहे.

ही शेवटची नोंद उत्तर ऑस्ट्रेलियातल्या ब्राह्मण जातीसाठी महत्त्वाची. ऊन आणि गोचीड सोसणारी ही जात अमेरिकेत घडली ती भारतीय गोवंशापासून: गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठची ‘कृष्णा व्हॅली’. तिथून १९३३ मध्ये ती ऑस्ट्रेलियात आणली गेली.

सगळे गुण एकाच वळूत सापडत नाहीत. झपाट्यानं वाढणारी वासरं बहुधा जन्मतःही जड असतात, आणि पहिलटकरीण कालवड विताना अडते. गवतावर वाढवून विकणाऱ्याला एक वळू हवा, धान्यावर पोसून जपानला चरबीदार मांस पाठवणाऱ्याला दुसरा. म्हणून गुणांना बाजारानुसार वजन देऊन ‘दर गायीमागे किती डॉलर’ असा एकच निर्देशांक काढतात. कुठला बाजार धरायचा, ते ज्यानं त्यानं ठरवायचं.

संगणक आर्मिडेलला असला, तरी पद्धतीचा पाया शेतकऱ्याच्या वहीत आहे. एखाद्यानं मरतुकडी वासरं लपवून फक्त दणकट वासरांचीच वजनं कळवली, तर गटाची सरासरी वर चढते आणि त्याची उत्तम वासरं सामान्य ठरतात. या गणितात लबाडीचा पहिला तोटा लबाडालाच होतो.