गांजा, वय आणि आनुवंशिकता

घरांतील एखाद्या तरुणाच्या कानीं नसलेले आवाज येऊं लागले, आप्तेष्टच आपल्यावर पाळत ठेवीत आहेत असें त्यास वाटूं लागलें, म्हणजे शेजारीपाजारी दोन तऱ्हेचे निवाडे देतात. कोणी म्हणतो, "गांजानें डोकें फिरलें." कोणी म्हणतो, "त्याच्या मामालाहि असेंच होतें. रक्तांतच आहे तें." पहिल्या निवाड्यानें मुलगा अपराधी ठरतो, दुसऱ्यानें सारें घराणें, आणि त्याबरोबर त्याच्या बहिणीचें लग्नहि अडतें. यास्तव या दोन कारणांचा परस्परसंबंध काय, हें आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा वाद आपल्या देशांत पूर्वींच कसोशीनें तपासला गेला आहे. सरकारनें नेमिलेल्या १८९३-९४ च्या भांग-गांजा कमिशननें वेड्यांच्या इस्पितळांत १८९२ सालीं गांजामुळें वेडे झाले म्हणून नोंदलेल्या २२२ रोग्यांचीं प्रकरणें पुनः पाहिलीं. पोलिसांच्या कागदांत कारण म्हणून "गांजा" लिहून येई आणि तेंच विनाचौकशी दफ्तरीं उतरे, असें पुष्कळ ठिकाणीं दिसून आलें. तरीहि अतिसेवनानें कधीं कधीं वेड लागतें, विशेषतः जेथें उपजत दुर्बलता आहे तेथें, हें कमिशननें नाकारलें नाहीं.

पुढें स्वीडनमध्यें १९६९-७० सालीं सैन्यभरतीस आलेल्या ४५,५७० तरुणांचा पंधरा वर्षें मागोवा घेण्यांत आला. पन्नासांहून अधिक वेळां गांजा वा चरस ओढल्याचें सांगणाऱ्यांत छिन्नमनस्कता हा रोग, न ओढणाऱ्यांच्या मानानें, सहापट आढळला. हें १९८७ सालीं प्रसिद्ध झालें. पण रोग आंतून शिजत असल्यामुळेंच कोणी व्यसनाकडे वळला नसेल कशावरून? हा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो.

न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन शहरीं १९७२-७३ मध्यें जन्मलेल्या १,०३७ मुलांची लहानपणापासून नियमित तपासणी होत आली आहे. त्यांतील पंधराव्या वर्षापर्यंत गांजा चाखलेल्यांपैकीं शेंकडा १० जणांस सव्विसाव्या वर्षापर्यंत छिन्नमनस्कतेसारखा विकार जडला. इतरांत हें प्रमाण शेंकडा ३ होतें. मात्र अकराव्या वर्षींच ज्यांच्यांत भ्रमाचीं चिन्हें होतीं त्यांचा हिशेब धरल्यावर हा फरक बराच कमी झाला. शिवाय इतक्या लवकर आरंभ करणारीं मुलें अवघीं २९ होतीं.

शुभवर्तमानांतील पेरणाऱ्याच्या दृष्टांताप्रमाणें बीं एक आणि भूमि निरनिराळी, असें येथें म्हणण्याचा मोह होतो. परंतु येथें हंगामाचाहि प्रश्न आहे. गांजांतील मुख्य मादक द्रव्य, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, १९६४ सालीं इस्रायलमध्यें शुद्ध स्वरूपांत वेगळें काढण्यांत आलें. मेंदूंतील ज्या ग्राहकांवर तें जाऊन बसतें ते वस्तुतः शरीर स्वतः तयार करीत असलेल्या द्रव्यांसाठीं आहेत. असें पहिलें द्रव्य १९९२ सालीं सांपडलें, तेव्हां संशोधकांनीं आपल्या संस्कृत "आनंद" शब्दावरून त्यास "आनंदामाइड" असें नांव दिलें! पौगंडावस्थेंत मेंदू आपले निरुपयोगी जोड छाटीत असतो, आणि विवेकाचें, कपाळामागील, क्षेत्र सर्वांत शेवटीं, पंचविशीच्या सुमारास, पक्व होतें. या छाटणींत बाहेरचें द्रव्य व्यत्यय आणतें, असें प्राण्यांवरील प्रयोगांवरून दिसतें. मनुष्याच्या मेंदूंत तसेंच घडतें हें अद्याप पुरतें सिद्ध झालेलें नाहीं.

आतां भूमीकडे वळूं. मेंदूंतील डोपामिन या रसायनाचें विघटन करणारें एक विकर आहे. तें ज्या जनुकामुळें बनतें त्याचे दोन प्रकार आहेत. ड्यूनेडिनच्या त्याच मुलांत २००५ सालीं असें दिसलें कीं, आईबाप दोघांकडूनहि एक विशिष्ट प्रकार आलेल्यांनीं पौगंडावस्थेंत गांजा ओढिला असल्यास धोका फार वाढतो. दोहोंकडून दुसरा प्रकार आलेल्यांत वाढत नाहीं. मोठेपणीं आरंभ करणाऱ्यांत हा फरक दिसेना. निष्कर्ष इतका सुबक होता कीं तो पुष्कळांच्या मनांत ठसला. पण इतरत्र केलेल्या परीक्षांत तो सातत्यानें टिकला नाहीं. २०२२ सालीं सुमारें ७६,००० रोग्यांच्या तपासणींत छिन्नमनस्कतेशीं निगडित अशीं २८७ स्थानें गुणसूत्रांवर सांपडलीं. एकेकाचा भार कणभर! शिवाय या आनुवंशिक प्रवृत्तीचा गांजाच्या ओढीशींहि कांहीं संबंध आढळला आहे. म्हणजे स्वीडनच्या आंकड्यांवरील तो आक्षेप अगदींच पोकळ नव्हता.

तथापि सारा दोष रक्तावर टाकतां येत नाहीं. युरोप व ब्राझीलमधील अकरा ठिकाणच्या २०१९ सालच्या अभ्यासांत रोज गांजा ओढणाऱ्यांत चित्तभ्रमाचा संभव तिपटीहून अधिक, आणि रोज तीव्र गांजा ओढणाऱ्यांत सुमारें पांचपट आढळला. पुढें जनुकांचा एकत्रित भारहि मोजून पाहिला, तेव्हां दोन्ही कारणें आपापल्या परीनें धोक्यांत भर घालतात असें दिसलें. म्हणजे "आमच्या घराण्यांत कोणी नाहीं" असें म्हणणाऱ्या मुलासहि यांतून सूट मिळत नाहीं.

आणि मामाच्या गोष्टीविषयीं. आईबापांपैकीं एकास छिन्नमनस्कता असलेल्या शंभर अपत्यांपैकीं सुमारें नव्वदांस ती होत नाहीं. उलट ती झालेल्यांपैकीं बहुतेकांच्या आईबापांत ती नसते. लग्नें मोडणाऱ्यांच्या कानांपर्यंत हे आंकडे क्वचितच पोंचतात.