कापडी टप आणि आपण

जीपचा कापडी टप काढला की धोका वाढला, असं आपल्याला वाटतं. पण ते कापड आपल्याला वाचवत होतं कधी? आयुष्यभर आम्ही वर्गात 'भास' शिकवला; हा त्यातलाच एक. गाडी उलटली तर भार पेलतो डोक्यावरचा लोखंडी सांगाडा, आणि त्या सांगाड्याच्या आत आपल्याला धरून ठेवतो सीटबेल्ट. तो नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो, कधी गाडीखालीच येतो. जुन्या जीपमध्ये मागच्या समोरासमोरच्या बाकांना बेल्टच नसतात. तिथे माणसं बसवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत. ताम्हिणी घाटात तर पोरं सांगाडा धरून उभी राहतात! करकचून ब्रेक लागला की हात काय धरणार?

आणखी एक. बाकी सगळं बंद ठेवून फक्त मागचा पडदा गुंडाळू नये. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर उलटा आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि ड्रायव्हरला वाटतं की जेवण जास्त झालं. उघडायचं तर पुढचंही उघडा. गुंडाळलेलं कापड मात्र घट्ट बांधा, नाहीतर फडफडून मागचं दिसेनासं होतं. वाऱ्यात ऊन जाणवत नाही, तेव्हा टोपी घाला, नाडीची.