चोच म्हणजे तिसरा पाय

माळशिरसच्या एका वाचकाने विचारलं आहे, ‘मुलीसाठी लव्हबर्डचं पिल्लू आणलं. दोन आठवडे झाले, पण बोट पुढे केलं की चोचीत धरतं. हे माणसाळणार कसं? आणि याला खायला काय घालायचं?’

आधी पक्षी नीट पाहून घ्या. लांब शेपटीचे, अंगावर बारीक लाटा असलेले जे पक्षी आपल्याकडे सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकले जातात, ते ऑस्ट्रेलियातले बजरीगर. खरा लव्हबर्ड ठेंगणा, आखूड शेपटीचा, दणकट चोचीचा. वजन जेमतेम ५० ग्रॅम. त्याच्या ९ जाती, त्यातल्या ८ आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर आणि एक मादागास्करात. पाळला जाणारा गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड मूळचा नामिबियाच्या कोरड्या मुलखातला. तिथे त्याचे थवे पिकांवरही उतरतात. बाजरीची राखण केलेल्यांना हा पाहुणा परका वाटू नये.

आता चोच. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी याच जातीच्या पक्ष्यांना चढावर चढवून त्यांच्या पायांचा आणि चोचीचा जोर मोजला. उभ्या चढणीवर पक्षी चोच टेकवून अंग वर ओढत होते, आणि चोचीचा जोर पायांच्या तोडीचा भरला. चोच हा त्यांचा तिसरा पायच! ओढ्यावरच्या फळीवर आपण आधी पाऊल दाबून बघतो, तसं तुमचं पिल्लू पुष्कळदा बोट चाचपत असतं. तेव्हाच बोट झटकलंत, तर त्याच्या लेखी फांदी डगमगली. पिसं अंगाला घट्ट चिकटवून, चोच वासून मागे सरत असेल, तर मात्र ते घाबरलं आहे. त्या दिवशी नाद सोडा. एरवी रोज दहा मिनिटं पिंजऱ्यापाशी बसा, बोला, राळ्याचं कणीस हातात धरून ठेवा. कणसासाठी ते जवळ येऊ लागलं की दुसऱ्या हाताचं बोट पोटाखाली हलकेच टेकवा.

घाई का नको, हे मला विल्यम डिल्गर यांच्या प्रयोगातून उमगलं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक लॉरेन्झ यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं, त्यांच्या मागेमागे फिरणारी बदकं सगळ्यांना ठाऊक झाली. कॉर्नेल विद्यापीठातले डिल्गर त्या मानाने मागेच राहिले. गुलाबी तोंडाची मादी कागदाच्या पट्ट्या कातरते आणि कमरेच्या पिसांत खोचून घरट्यात नेते. फिशर जातीची मादी एकेक पट्टी चोचीत नेते. डिल्गरांनी या दोन जातींचा संकर केला. संकरित माद्या पट्टी खोचायला जात, ती घसरून पडे; पुन्हा उचलत, पुन्हा खोचत. चोचीतून पट्ट्या सफाईने न्यायला त्यांना सुमारे तीन वर्षं लागली, आणि तरीही उडण्याआधी मान कमरेकडे वळायचीच. किती सुंदर निरीक्षण आहे हे! उपजत सवय इतकी चिवट, आणि पक्षी तरीही शिकतो. मग दोन आठवड्यांत निराश कशाला व्हायचं?

खाण्याचं सोपं आहे. बाजरी, राळे, ज्वारीचं कोवळं कणीस, जोडीला रोज कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर. नुसत्या दाण्यांतून अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम पुरत नाही, म्हणून पिंजऱ्यात समुद्रफेण अडकवा. सूर्यफूल चार दाण्यांपुरतं, तेलकट असतं ते. वाटी भरलेली दिसली तरी फुंकर मारून बघा. हे पक्षी दाणा सोलतात आणि फोलपटं वाटीतच राहतात. पाणी रोज ताजं, उन्हाळ्यात दोनदा.

‘हाताने भरवलेलं पिल्लू लवकर माणसाळतं’ म्हणून डोळेही नीट न उघडलेली पिल्लं विकणं मला साफ नामंजूर आहे. पातळ खाणं जरा थंड झालं की गळ्याखालच्या पिशवीत आंबतं, घाईत भरवलं तर श्वासनलिकेत जातं, आणि पिल्लू हकनाक मरतं. साधारण दोन महिन्यांचं, स्वतः दाणा सोलून खाणारं पिल्लूही माणसाळतं, तेच घ्या.

आणि पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी छताचा पंखा बंद करा.