आठवड्यातून दोनच दिवस येणाऱ्या समुपदेशक मॅडम शाळेत नेमकं करतात काय? पालकांनी हे समजून घ्यायलाच हवं

गावाकडच्या काही छोट्या खासगी शाळांत आता आठवड्यातून एक-दोन दिवस समुपदेशक येऊ लागले आहेत. ते कुठला विषय शिकवत नाहीत, हजेरी घेत नाहीत, पेपरही तपासत नाहीत. एखादं लेकरू त्यांच्याजवळ अर्धा तास बसतं आणि परत वर्गात जातं. एवढ्यावरून गावात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, ‘वेड्यांच्या डॉक्टर आहेत.’ कुणी म्हणतं, ‘फी वाढवायला नवीन निमित्त.’ कुणी म्हणतं, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं, आम्ही शिकलोच की.’

पण या पदामागं आता सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे. आणि दोन दिवस येणाऱ्या माणसाचा उपयोग होणार की नाही, हे बाकीच्या दिवसांत शाळा आणि घर काय करतं यावरच ठरतं.

कोर्टानं काय सांगितलं?

विशाखापट्टणममध्ये नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीचा २०२३ मध्ये मृत्यू झाला. तिच्या वडिलांनी दाखल केलेल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २५ जुलै २०२५ रोजी निकाल दिला आणि देशभरासाठी १५ सूचना केल्या. सरकारी असो की खासगी, शाळा असो, कॉलेज असो की कोचिंग क्लास, सगळ्यांना त्या लागू आहेत. कायदा होईपर्यंत त्या पाळणं बंधनकारक आहे.

त्यातल्या गावाकडच्या शाळांच्या कामाच्या गोष्टी अशा:

- १०० किंवा त्यापेक्षा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण त्यानं घेतलेलं असावं.
- विद्यार्थी कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी करून ठेवावी, म्हणजे गरज पडली की मूल कुठं पाठवायचं हे आधीच ठरलेलं असेल.
- सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोन वेळा प्रशिक्षण द्यावं.
- मदतीचे फोन नंबर ठळकपणे लावावेत.
- मार्कांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत त्यांचा अपमान करू नये.

मोठ्या शहरातल्या शाळेला पूर्णवेळ माणूस ठेवणं परवडतं. फीवर चालणाऱ्या दोन-तीनशे मुलांच्या विनाअनुदानित शाळेला ते जड जातं. म्हणून मानधनावर, आठवड्यातून दोन दिवस, असा मार्ग निघतो. हीच व्यक्ती कधी दोन-तीन शाळांत फिरते.

समुपदेशक म्हणजे डॉक्टर नाही

समुपदेशक गोळी-औषध लिहून देत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञाचं, म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात पुढं शिकलेल्या डॉक्टरचं. समुपदेशक बहुतेक वेळा मानसशास्त्रात एमए किंवा समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलेला असतो. त्याचं काम ऐकून घेणं, अडचण नेमकी कुठं आहे ते शोधणं, मुलाला त्यातून वाट काढायला मदत करणं आणि आपल्या हाताबाहेरचं असेल तर योग्य माणसाकडं पाठवणं.

रानात पीक पिवळं पडलं तर आपण लगेच औषध मारत नाही. पाणी साचलंय का, खत कमी पडलंय का, की मुळाला कीड लागलीय, ते आधी बघतो. मुलाचं वागणं बदललं की समुपदेशकही आधी तेच बघतो. त्याच्याजवळ जाणारं मूल ‘वेडं’ नसतं. तिथं जाणाऱ्यांत परीक्षेला घाबरणारं पोरगं असतं, मैत्रिणींनी बोलणं बंद केलेली मुलगी असते, घरातली भांडणं ऐकून झोप न येणारं लेकरू असतं, आणि दहावीनंतर आयटीआय करावं की सायन्स घ्यावं हे न सुचणारा मुलगाही असतो.

एक उदाहरण घेऊ

धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. समजा, आठवीतल्या एका मुलीचे आई-वडील असेच कोल्हापूर-सांगलीकडं किंवा कर्नाटकात गेले. मुलगी आजीजवळ राहिली. दिवाळीनंतर ती वर्गात पेंगायला लागली, गृहपाठ बंद झाला, चाचणीत मार्क पडले. वर्गशिक्षकांना ती आळशी वाटते. दोन वेळा रागावून झालं, फरक नाही. मग ते तिला समुपदेशक मॅडमकडं पाठवतात.

पहिल्या दिवशी ती काही बोलत नाही. तिसऱ्या वेळी बोलते. पहाटे चारला उठते, भाकरी करते, शेळ्यांचं बघते, धाकट्या भावाला तयार करते. आणि आजी-मामा तिच्या लग्नाचं बोलतायत.

आता मॅडमचं खरं काम सुरू होतं. वर्गशिक्षकांना त्या एवढंच सांगतात की मुलीवर घरकामाचा बोजा आहे, गृहपाठ शाळेतच करून घ्या, वर्गात बोलू नका. मुख्याध्यापकांशी हंगामी वसतिगृहाची काही सोय होईल का ते बोलतात. आजीला बोलावून शांतपणे चर्चा करतात, आई-वडिलांशी फोनवर बोलतात. लग्नाची गोष्ट मात्र ‘घरगुती’ म्हणून सोडता येत नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण असावं लागतं. गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. बोलून ऐकलं नाही तर त्यांना कळवावं लागतं, किंवा १०९८ वर फोन करावा लागतो.

यात कुठंही गोळी नाही, जादू नाही. रागावून सहा महिने गेले असते आणि मुलगी शाळेतून सुटली असती. तिचं म्हणणं कुणीतरी ऐकलं, म्हणून योग्य माणसापर्यंत गोष्ट गेली.

अशीच गोष्ट वाचता न येणाऱ्या मुलांची. हुशार बोलतो, हिशेब तोंडी करतो, पण लिहिताना अक्षरं उलटसुलट होतात, असं मूल ‘ढ’ ठरवलं जातं. ती अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. सरकारी रुग्णालयातून तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. हे समुपदेशकानं सहावी-सातवीत ओळखलं तर उपयोग. दहावीच्या जानेवारीत कळलं तर कागदपत्रांतच वेळ जातो.

‘माझं लेकरू काय बोललं ते मला सांगा’

समुपदेशक आणि पालक यांच्यात सगळ्यात जास्त खटका इथंच उडतो. बाप म्हणतो, ‘पोरगं माझं, फी मी भरतो, मग मला का सांगत नाही?’

कारण साधं आहे. आपण बोललेलं संध्याकाळी घरी आणि सकाळी पारावर पोचतं हे कळलं, तर ते मूल पुन्हा तोंड उघडणार नाही. त्याचं बघून दुसरंही उघडणार नाही. गाव छोटं असतं, शिक्षकही नात्यातलेच असतात. म्हणून समुपदेशक पालकांना मोजकंच सांगतो: काय काळजी घ्यावी, काय टाळावं, पुढं काय करायचं. शब्दन् शब्द सांगत नाही.

पण तीन गोष्टी गुपित ठेवता येत नाहीत आणि चांगला समुपदेशक हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो.

- मुलाच्या स्वतःच्या जिवाला धोका असेल.
- दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल.
- मुलावर अत्याचार होत असेल.

लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ चा पोक्सो कायदा अगदी स्पष्ट आहे. १८ वर्षांखालच्या मुलावर असा प्रकार झाल्याचं ज्याला कळलं, त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘शाळेची बदनामी होईल’, ‘मुलीच्या लग्नाला अडचण येईल’ म्हणून आपसात मिटवणं हा समुपदेशकासाठीही गुन्हा आहे आणि मुख्याध्यापकांसाठीही.

दोन दिवसांचं गणित

शाळेत ३०० मुलं आहेत आणि समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस, पाच-पाच तास येतो असं धरू. म्हणजे आठवड्याला १० तास. एका मुलाला अर्धा तास दिला तर २० मुलं होतात. सगळ्या मुलांना एकदा भेटायचं म्हटलं तरी १५ आठवडे लागतील, आणि तोवर एक सत्र निघून जाईल.

म्हणून प्रत्येक मुलाला एकेकटं भेटणं हे त्याचं काम असूच शकत नाही. त्याला वेळ वाटून घ्यावा लागतो. काही तास वर्गात, जिथं सगळ्यांशी परीक्षा, मोबाइल, चिडवाचिडवी, वयात येणं यावर बोलता येतं. काही तास ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी. थोडा वेळ शिक्षकांसाठी, कारण रोज वर्गात मुलं बघणारे तेच. कोण गप्प झालंय, कुणाचा डबा येत नाही, कोण सारखं पोट दुखतं म्हणतंय, हे आधी वर्गशिक्षकाला दिसतं. शिपाई मामा आणि व्हॅनचा ड्रायव्हर यांनाही बरंच दिसतं.

पण आलेल्या समुपदेशकाला रिकाम्या तासिकेवर पाठवणं, पर्यवेक्षणाला बसवणं, फी थकलेल्या पालकांना फोन करायला लावणं, असं झालं तर ते १० तासही हातातून जातात. मस्ती करणाऱ्याला शिक्षा म्हणून त्याच्याकडं पाठवलं तर आणखी वाईट. मग ती खोली म्हणजे शिक्षेची खोली, असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं.

आणि खोलीही लागते. स्टाफरूमच्या कोपऱ्यात सगळ्यांसमोर कुठलं मूल मन मोकळं करणार? वाचनालय किंवा प्रयोगशाळा ठरलेल्या वेळी रिकामी करून दिली तरी चालते. आतलं बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये, पण बाहेरून माणूस दिसावा, एवढी जागा पुरते.

बाकीच्या दिवशी काय?

सगळ्यात कळीचा प्रश्न हाच आहे. समुपदेशक मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. एखादं मूल शुक्रवारी संध्याकाळी खचलं तर पुढचा मंगळवार चार दिवस लांब असतो. अडचण वार बघून येत नाही.

म्हणून शाळेत एक तरी शिक्षक किंवा शिक्षिका अशी ठरलेली असावी, जिच्याकडं मुलानं केव्हाही जावं. तिला प्रशिक्षण असावं, समुपदेशकाचा फोन नंबर तिच्याकडं असावा. दर्शनी भिंतीवर हे नंबर लावलेले असावेत:

- १४४१६, टेली मानस. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मोफत, २४ तास, मराठीतही बोलता येतं. मुलं, पालक, शिक्षक कुणीही फोन करू शकतं.
- १०९८, चाइल्डलाइन. संकटातल्या मुलांसाठी, मोफत, २४ तास.
- ११२, तातडीच्या मदतीसाठी.

पुढच्या उपचारासाठी जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांची सेवा असते. काही ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ चालतं. आपल्याला जवळचं कुठलं, हे आशाताईंना विचारलं तरी कळतं.

घरी काय करायचं?

मूल एकाएकी गप्प झालं, जेवण-झोप बिघडली, आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागलं, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोललं, तर ‘नाटकं करतंय’ म्हणून सोडून देऊ नये. जवळ बसावं आणि सरळ विचारावं, ‘जीव नकोसा वाटतोय का?’ विचारल्यानं डोक्यात तसा विचार भरतो, ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मूल मोकळं होतं. अशा वेळी त्याला एकटं सोडू नये आणि लगेच १४४१६ वर फोन करावा किंवा दवाखान्यात न्यावं.

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक काम आजच करण्यासारखं आहे. फवारणीची आणि तणनाशकाची औषधं ओसरीत, माळ्यावर, गोठ्यात उघडी ठेवू नयेत. पेटीत कुलूप लावून ठेवावीत, किल्ली मोठ्या माणसाकडं असावी. उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. रागाच्या एका क्षणात हाताशी काय आहे, यावर जीव वाचणं अवलंबून असतं.

पुढच्या पालकसभेत हे प्रश्न विचारा

१. आपल्या शाळेत समुपदेशक आहे का? शिक्षण काय झालंय? कुठल्या वारी, किती वेळ येतो?

२. बसायला वेगळी जागा आहे का? त्याला दुसऱ्या कामाला लावता का?

३. तो नसताना मुलांनी कुणाकडं जायचं?

४. मदतीचे नंबर कुठं लावलेत?

५. शिक्षकांचं प्रशिक्षण मागच्या वेळी कधी झालं?

६. मुलं शंभरपेक्षा कमी असतील तर बाहेरच्या कुठल्या तज्ज्ञाशी शाळेची जोडणी आहे?

ही माहिती मागणं हा पालकांचा हक्क आहे. आपल्या मुलाला मॅडमनी बोलावलं तर घाबरू नये आणि शेजारच्याच्या मुलाला बोलावलं तर गावभर करू नये. पारावर नाव निघेल या भीतीनं एखादं लेकरू त्या दारातून परत फिरलं, तर समुपदेशक रोज आला तरी त्याचा उपयोग नाही.