आहारातील स्निग्ध पदार्थ, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि आतड्यातील जीवाणू

आहारातील स्निग्ध पदार्थांचा विचार करताना ते किती खावेत, हाच प्रश्न बहुधा पुढे येतो. परंतु रक्त व आतडे यांवरील त्यांचे परिणाम तपासू लागले म्हणजे कोणता स्निग्ध पदार्थ खाल्ला, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा ठरतो.

प्रथम रक्ताचा विचार करू. कीज व त्यांचे सहकारी यांनी 1965 साली मांडलेल्या समीकरणानुसार, संपृक्त मेदाम्लांमुळे रक्तातील कोलेस्टेरॉल जितके वाढते, त्याच्या सुमारे निम्म्याने ते तितक्याच बहु-असंपृक्त मेदाम्लांमुळे घटते. मात्र स्टिअरिक अम्ल संपृक्त असूनही कोलेस्टेरॉल फारसे वाढवीत नाही. रक्तातील कमी घनतेची मेदप्रथिने यकृतपेशींवरील ग्राहींच्या द्वारे शोषली जातात. ब्राउन व गोल्डस्टाइन यांना ज्या संशोधनासाठी 1985 साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच ग्राहींविषयीचे होय. संपृक्त मेदाम्लांमुळे या ग्राहींचे कार्य मंदावते.

रक्त आणि जीवाणू यांना जोडणारा दुवा म्हणजे पित्त. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते आणि ती ग्लायसीन किंवा टॉरीन यांच्याशी संयुक्त करून आतड्यात सोडते. त्यांपैकी सुमारे 95 टक्के पुन्हा शोषली जातात. उरलेली मोठ्या आतड्यात पोचून जीवाणूंच्या हाती पडतात.

या दृष्टीने शिकागो विद्यापीठातील देवकोटा, चँग व त्यांचे सहकारी यांचा 2012 सालचा प्रयोग उद्बोधक आहे. दुधातील स्निग्धांश दिलेल्या उंदरांत टॉरीनयुक्त पित्ताम्लांचे प्रमाण वाढले आणि एरवी अत्यल्प असणारा 'बिलोफिला वाड्सवर्थिया' हा जीवाणू फोफावला. करडईच्या तेलाने असे घडले नाही. इतकेच नव्हे, तर डुकराच्या चरबीनेही घडले नाही. उलट, अल्पस्निग्ध आहाराबरोबर केवळ टॉरोकोलिक अम्ल दिले असताही तो जीवाणू वाढला. अर्थात, येथे कारण पित्ताच्या घटनेत होते. या जीवाणूमुळे आतड्याचा दाह बळावला, तो मात्र आनुवंशिक दोषामुळे दाहप्रवण असलेल्या उंदरांतच.

म्हणून या प्रयोगावरून निरोगी माणसाच्या ताटातील तूप दोषी ठरविणे युक्त नव्हे. त्यातून घ्यावयाचा धडा पद्धतीविषयीचा आहे. आहारप्रयोगाच्या नोंदीत 'स्निग्ध पदार्थ, इतके टक्के' एवढेच लिहून भागणार नाही. त्याचा उगम व मेदाम्लांची घटना नोंदवावी, आणि रक्ताबरोबर पित्ताम्ले व जीवाणू यांचीही तपासणी करावी. एरवी भिन्न पदार्थांचे परिणाम एकाच नावाखाली मिसळून जातील.