मक्तेदार गेला, गाडी राहिली

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून निघालेला लोहमार्ग यॉर्क, डरहॅम, न्यूकॅसल अशी गावे मागे टाकत 393 मैलांवरच्या एडिंबराला पोचतो. ब्रिटनमधल्या सर्वांत कमाऊ मार्गांपैकी हा एक. प्रवासी भरपूर, त्यांतले बरेच कामानिमित्त फिरणारे, तिकीट महाग. प्रवासी रेल्वे खासगी कंपन्यांना मक्त्याने चालवायला देण्याचा प्रयोग कुठे यशस्वी व्हायचा, तर तो इथे व्हायला हवा होता. प्रत्यक्षात 2005 ते 2015 या दहा वर्षांत या मार्गाचे तीन मक्ते दिले गेले आणि तिन्ही मुदतीआधी मोडले.

पहिला जीएनईआर या कंपनीचा. मार्गाशी तिची जुनी ओळख होती. 2005 मध्ये तिने दहा वर्षांत सरकारला 130 कोटी पौंड देऊ अशी बोली लावून मक्ता पुन्हा मिळवला. उत्पन्न अपेक्षेइतके वाढले नाही, विजेचा खर्च वाढला, मालक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबर 2006 मध्ये करार संपला. त्यानंतर आली नॅशनल एक्स्प्रेस. तिची बोली आणखी चढी होती, 140 कोटी पौंड. 2008 चे आर्थिक अरिष्ट आले, कामाचे दौरे कमी झाले आणि नोव्हेंबर 2009 मध्ये मार्ग सरकारच्या ताब्यात गेला. कंपनीने गमावली ती हमीपोटी दिलेली सुमारे 7 कोटी पौंडांची रक्कम. दर वर्षी चढत जाणारे पुढचे हप्ते भरण्यातून मात्र ती मोकळी झाली.

पुढची सव्वापाच वर्षे सरकारी कंपनीने हाच मार्ग चालवला आणि सरकारी तिजोरीत सुमारे 100 कोटी पौंड भरले. तरीही 2015 मध्ये मार्ग पुन्हा मक्त्याने दिला गेला. स्टेजकोच आणि व्हर्जिन यांच्या जोडकंपनीने आठ वर्षांत 330 कोटी पौंड देण्याचे कबूल केले. जून 2018 मध्ये हाही करार मोडला. लोहमार्गाच्या सुधारणा ठरल्याप्रमाणे झाल्या नाहीत, अशी कंपनीची तक्रार होती आणि तिच्यात तथ्यही होते. स्टेजकोचचे 20 कोटी पौंडांहून अधिक नुकसान झाले, हेही खरे. पण आश्वासनातला मोठा भाग शेवटच्या वर्षांत भरायचा होता आणि ती वर्षे उजाडलीच नाहीत.

या तिन्ही वेळा गाड्या एक दिवसही थांबल्या नाहीत. सगळी गोष्ट इथे अडते. पावाची बेकरी बुडाली तर लोक शेजारच्या बेकरीत जातात. न्यूकॅसलहून लंडनला कामावर जाणाऱ्या माणसाला शेजारचा रूळ नसतो. कोणतेही सरकार गाडी बंद पडू देऊ शकत नाही, हे सरकारला ठाऊक असते आणि बोली लावणाऱ्यालाही. मक्ता चालवायला वेगळी कंपनी काढायची, मालकाने ठरावीक रकमेपर्यंत जबाबदारी घ्यायची आणि भविष्यातल्या उत्पन्नाचा अंदाज जितका फुगवता येईल तितका फुगवायचा. अंदाज खरा ठरला तर नफा आपला, खोटा ठरला तर ठेव सोडून मोकळे. अशा लिलावात हात राखून हिशोब करणारा हरतो आणि भरमसाठ आश्वासन देणारा जिंकतो. यात दोष एखाद्या कंपनीच्या लबाडीचा नाही. नियमच तसे होते.

हे नियम आले 1993 च्या रेल्वे कायद्यातून. जॉन मेजर यांच्या सरकारने ब्रिटिश रेल या सरकारी रेल्वेचे इतके तुकडे केले की जगातल्या रेल्वे अभियंत्यांनी तोंडात बोटे घातली. रूळ, सिग्नल आणि स्थानके रेलट्रॅक या कंपनीकडे गेली आणि 1996 मध्ये तिचे समभाग बाजारात आले. डबे आणि इंजिने तीन भाडेकंपन्यांकडे गेली. देखभाल ठेकेदारांकडे गेली. गाड्या चालवण्याचे 25 मक्ते झाले. मक्तेदाराच्या मालकीचे रूळ नव्हते आणि डबेही नव्हते. त्याच्याकडे होते ते कर्मचारी, वेळापत्रक आणि डब्यांवर रंगवलेले नाव.

सर्वाधिक आणि सर्वांत निर्धोक कमाई झाली ती लोकांच्या नजरेआड राहिलेल्या भाडेकंपन्यांत. तिन्ही मिळून सुमारे 180 कोटी पौंडांना विकल्या गेल्या. पोर्टरब्रुक ही त्यांतली एक कंपनी जानेवारी 1996 मध्ये तिच्याच व्यवस्थापकांनी 52 कोटी 70 लाख पौंडांना घेतली आणि त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात स्टेजकोचला 82 कोटी 50 लाखांना विकली. त्या सहा-सात महिन्यांत तिने नवा कारखाना उभारला नव्हता की कसला शोध लावला नव्हता. करदात्यांच्या पैशातून बांधलेले डबे तेवढ्या काळात तीस कोटी पौंडांनी महाग झाले, कारण ते मुळातच स्वस्तात दिले गेले होते आणि त्यांच्या भाड्याच्या मोठ्या भागाला सरकारचीच हमी होती.

डब्याकडे जवळून पाहायचे तर उत्तर इंग्लंडातली पेसर गाडी पाहावी. 1980 च्या दशकात पैसे नव्हते म्हणून बसचा सांगाडा मालगाडीच्या धर्तीच्या चार चाकांवर बसवून ती बनवली होती. वळणावर तिची चाके किंचाळत, सांध्यावर प्रवासी उडत, बाके थेट बसमधली. वीसेक वर्षे चालावी एवढीच अपेक्षा होती. लीड्स, ब्रॅडफर्ड, मँचेस्टर या पट्ट्यातल्या गिरणगावांतले लोक तिच्यातून 2020 पर्यंत रोज ये-जा करत राहिले आणि तिचे भाडे त्या सगळ्या काळात भाडेकंपन्यांना मिळत राहिले. नवी गाडी घेण्याची मक्तेदाराला घाई नव्हती. सात वर्षांचा मक्ता असलेला माणूस तीस वर्षे चालणाऱ्या डब्याचा विचार का करील?

रुळांची गोष्ट याहून वाईट. 17 ऑक्टोबर 2000 रोजी लंडनच्या उत्तरेला हॅटफील्डजवळ एक रूळ गाडीखाली फुटला. त्याचे तीनशेच्या आसपास तुकडे झाले आणि 4 प्रवासी दगावले. त्या रुळाला तडे गेले आहेत हे आधीपासून माहीत होते. बदलण्यासाठी नवा रूळ आणूनही ठेवला होता, पण तो बसला नव्हता. अपघातानंतर असे तडे आणखी कुठे आहेत ते रेलट्रॅकला सांगता येईना, कारण आपल्याच मालमत्तेची नीट नोंद तिच्याकडे नव्हती. रूळ ओळखणारे जुने अभियंते ठेकेदारांकडे गेले होते किंवा घरी बसले होते. मग देशभर बाराशेहून अधिक ठिकाणी वेगावर बंधने घातली गेली आणि कित्येक महिने सगळी रेल्वे रखडली. ऑक्टोबर 2001 मध्ये रेलट्रॅक प्रशासकाच्या हाती गेली. तिच्या जागी नेटवर्क रेल आली. 2014 मध्ये ती सरकारी हिशोबात धरली गेली, तेव्हा तिच्यावरचे सुमारे 3,400 कोटी पौंडांचे कर्ज राष्ट्राच्या कर्जात जमा झाले.

किंमत मोजणाऱ्यांत आणखी एक वर्ग आहे आणि तो हिशोबाच्या पानावर दिसत नाही. 15 फेब्रुवारी 2004 च्या पहाटे कंब्रिया परगण्यात टीबे गावाजवळ रुळांवर काही कामगार काम करत होते. वरच्या चढावर ठेकेदाराच्या माणसांनी रूळ लादलेली ट्रॉली उभी केली होती. तिचे ब्रेक मुद्दाम निकामी केलेले होते, चाकांना लाकडी ठोकळे लावून ती थोपवली होती. ती सुटली, काही मैल उतारावरून अंधारात धावत आली आणि 4 कामगारांना चिरडून गेली. ठेकेदाराखाली ठेकेदार अशी साखळी झाली की सर्वांत खालच्या कडीतली बचत कोणाच्या जिवावर होते, हे टीबेने दाखवले.

मक्तेपद्धतीच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. 1994-95 मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे 73 कोटी रेल्वेप्रवास झाले. 2018-19 मध्ये तो आकडा 170 कोटींच्या पुढे गेला. गाड्या वाढल्या, तिकीटविक्री सुधारली, काही कंपन्यांनी मनापासून काम केले. पण याच काळात लंडनमधला रोजगार वाढला, घरे परवडेनाशी होऊन लोक दूर राहायला गेले, गाडी चालवणे महागले. सगळे श्रेय मक्त्याला देता येत नाही. शिवाय खर्च घटेल हे मूळ आश्वासन खोटे ठरले. सरकारनेच नेमलेल्या रॉय मॅकनल्टी यांच्या 2011 च्या अहवालाने युरोपातल्या तुलनेजोग्या रेल्वेपेक्षा ब्रिटनची रेल्वे सुमारे 40 टक्क्यांनी महाग पडत असल्याचे दाखवले आणि त्याचे एक मोठे कारण तुकड्यातुकड्यांची रचना हेच सांगितले. गाडी उशिरा आली तर भरपाई कोणी कोणाला द्यायची, हे ठरवायला शेकडो माणसे पगारावर होती. गाडीला पक्षी धडकला तर तो लहान की मोठा यावर वाद होई. लहान असेल तर गाडीवाल्याची जबाबदारी, राजहंसाएवढा असेल तर रूळवाल्याची.

हा सगळा भार शेवटी तिकिटावर आला. सीझन तिकिटासारखी नियंत्रित भाडी जुलैच्या महागाई निर्देशांकाला बांधलेली होती. 2004 पासून दहा वर्षे सूत्र होते महागाई अधिक एक टक्का. पगार महागाईइतके वाढोत न वाढोत, जानेवारीत पास महागणार हे ठरलेले. खर्चाचा वाटा करदात्याकडून प्रवाशाकडे सरकवायचा, हे उघड धोरण होते. तरीही करदाता सुटला नाहीच, कारण मक्तेदाराचे उत्पन्न अंदाजापेक्षा कमी पडले तर तुटीचा 80 टक्क्यांपर्यंतचा भाग सरकारने भरायचा, अशी कलमे अनेक करारांत होती.

मार्च 2020 मध्ये करोनाची टाळेबंदी आली आणि प्रवासी नेहमीच्या पाच टक्क्यांवर आले. जोखीम घेण्यासाठी नेमलेल्या कंपन्यांपुढे खरी जोखीम उभी राहिली, तेव्हा सरकारने सगळे उत्पन्न आणि सगळा खर्च स्वतःकडे घेतला आणि कंपन्यांना खर्चाच्या जास्तीत जास्त दोन टक्के व्यवस्थापन शुल्क देऊ केले. सप्टेंबर 2020 मध्ये मक्तेपद्धत संपल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले.

मराठी वाचकाला हा हिशोब नवा वाटू नये. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली, तिची मालक ग्रेट इंडियन पेनिन्सुला ही लंडनची खासगी कंपनी होती. 1849 च्या करारानुसार तिच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती आणि रेल्वेची कमाई कमी पडली तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे मुख्यतः शेतसाऱ्यातून, भरला जाई. नफ्याची खात्री असल्यावर काटकसर कशाला करायची? दादाभाई नौरोजींनी यावर लिहिले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेच्या खर्चाची आकडेवारी मांडून टीका केली. ॲकवर्थ समितीच्या शिफारशीनंतर 1925 मध्ये ही रेल्वे सरकारी व्यवस्थापनाखाली आली. जोशींचे लेखन आज कोणी वाचत नाही याची मला खंत वाटते, कारण 2020 मध्ये तोच प्रश्न आपल्या दारात आला होता. देशातल्या 109 मार्गजोड्यांवर 151 खासगी गाड्या, 35 वर्षांचा करार, 30,000 कोटी रुपयांची अपेक्षित गुंतवणूक अशी ती योजना होती. बारा गटांपैकी दोन मुंबईचे होते. जुलै 2021 मध्ये बोली उघडल्या तेव्हा दोनच बोलीदार पुढे आले. त्यांतली एक आयआरसीटीसी, म्हणजे रेल्वेचीच कंपनी. योजना बारगळली. जोखीम खरोखर स्वतःच्या अंगावर येणार असे दिसले की खासगी भांडवल मागे सरते, असाच त्याचा अर्थ मी लावतो.

ब्रिटनमध्ये नोव्हेंबर 2024 मध्ये प्रवासी सेवा सरकारी मालकीत आणणारा कायदा झाला. 25 मे 2025 रोजी साउथ वेस्टर्न रेल्वे परत आली, त्यानंतर सी-टू-सी आणि ग्रेटर अँग्लिया. करार संपेल तसतशी एकेक कंपनी सरकारकडे येत आहे, त्यामुळे भरपाई द्यावी लागत नाही. हे शहाणपणाचे पाऊल आहे, पण ते अर्धेच आहे. मक्तेदारांचा नफा उत्पन्नाच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास होता. तो वाचवून तिकीट फारसे स्वस्त होणार नाही. बहुतेक डबे अजून भाडेकंपन्यांच्या मालकीचे आहेत, नव्या कायद्याने त्यांना हात लावलेला नाही, आणि सरकारी झालेल्या कंपन्या त्यांना दर महिन्याला पूर्वीसारखेच भाडे भरत आहेत.