खोदण्याआधी बघायचं काम

मुसफ्फा म्हटलं की अबुधाबीतल्या मराठी माणसाला गॅरेज, टायरची दुकानं, स्पेअर पार्ट आणि लेबर कॅम्प आठवतात. गाडीत काही बिघडलं की चला मुसफ्फाला! मी इथल्या शाबियात सहा वर्षं राहतोय आणि सुरुवातीला मलाही एवढंच ठाऊक होतं. मग एका केरळी सहकाऱ्याने सांगितलं की इथल्या चॅनेलपाशी देवमाशाचा सांगाडा मिळाला होता, सुमारे 5,200 वर्षांपूर्वीचा. तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा वर होती आणि आज जिथे ट्रक उभे असतात तिथे उथळ खाजण होतं. त्यानंतर कित्येक दिवस टायर बदलायला गेलो तरी मी जमिनीकडेच बघत होतो.

मी शिकलो कॉम्प्युटर इंजिनीअरिंग. नातेवाइकांना 'आयटीत आहे' एवढंच सांगतो, कारण खरं काम सांगायला वेळ लागतो. रस्ता करण्याआधी जमिनीखाली काय आहे ते न खोदता बघायचं, आणि यंत्राने आणलेल्या आकड्यांचं चित्र करायचं, ते सॉफ्टवेअर मी लिहितो. बहुतेक वेळा पाइप आणि केबल शोधायच्या असतात. पण अबुधाबीत 2016 चा सांस्कृतिक वारशाचा कायदा आहे. जिथे जुने अवशेष असण्याची शक्यता असते तिथे बांधकामाआधी तपासणी होते आणि मग आमचं काम वाढतं.

मुख्य यंत्र जीपीआर, म्हणजे जमिनीत लहरी सोडणारा रडार. गवत कापायच्या यंत्रासारखी ढकलगाडी असते. कोरड्या वाळूत लहर एका नॅनोसेकंदाला साधारण 15 सेंटीमीटर जाते. प्रतिध्वनी 20 नॅनोसेकंदांनी परत आला, तर जाऊन-येऊन हिशेब करता वस्तू दीड मीटरवर. आडवा पाइप ओलांडला की पडद्यावर कमान उमटते. गंमत म्हणजे खुद्द मुसफ्फात हा रडार जवळजवळ आंधळा. इथली जमीन सबखाची, खारट आणि ओलसर, ती लहर गिळून टाकते. कोरड्या वाळूसाठी आत अल ऐनच्या बाजूला जावं लागतं.

दुसरं यंत्र मॅग्नेटोमीटर. इथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे 44,000 नॅनोटेस्ला, आणि बुजलेल्या चराने त्यात फरक पडतो तो जेमतेम दोन-चारचा. जुनी चूल किंवा भट्टी जास्त ठळक दिसते, कारण भाजलेली माती चुंबकत्व धरून ठेवते. शेजारून ट्रक गेला की सगळं वाया. आपल्याकडे तर वेगळीच पंचाईत. आपला काळा दगड स्वतःच चुंबकीय, आणि काळी माती रडारला फार खोल जाऊ देत नाही. म्हणजे इथलं यंत्र उचलून तिकडे नेलं की झालं, असं नाही.

आता जे लिहायचं की नाही यावर बरेच दिवस घुटमळलो, ते.

तीन वर्षांपूर्वी, आधीच्या कंपनीत असताना, अल ऐनच्या बाजूच्या एका रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम होतं. पट्टा 30 मीटर रुंद आणि किलोमीटरभर लांब. साहजिकच पोरांनी गाडी रस्त्याच्या लांबीनेच ढकलली, दर 30 मीटरला वळवत कोण बसणार? रडारच्या चित्रात यंत्राच्याच आवाजाच्या आडव्या रेघा येतात. त्यावर ठरलेला उपाय असा, की सगळ्या नोंदींची सरासरी काढायची आणि प्रत्येकीतून ती वजा करायची. जे सगळीकडे सारखं, ते पुसलं जातं. ही पायरी मी प्रत्येक फाइलला आपोआप लागेल अशी करून ठेवली होती. चित्रं स्वच्छ आली. अहवालात गेलं: काही आढळले नाही.

खाली फलज होता. फलज म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं पाणी हलक्या उताराने खजुराच्या बागांपर्यंत आणणारा पाट, बराचसा जमिनीखालून. अल ऐनजवळ हिलीला सापडलेला फलज सुमारे 3,000 वर्षांपूर्वीचा आहे. तिथली स्थळं आणि बागा 2011 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. आमचा फलज आणि आमचा रस्ता दोघेही डोंगराकडून बागेकडे जाणारे, त्यामुळे गाडी किलोमीटरभर त्याच्या डोक्यावरूनच चालली. रडारला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी रेघ दिसला, आणि माझ्या कोडने ती यंत्राचा आवाज समजून पुसली.

तो सापडला एक्स्कॅव्हेटरच्या ऑपरेटरला. स्वातकडचा पठाण. बकेटखाली पोकळ आवाज आला तसं त्याने मशीन बंद केलं आणि खाली उतरला. "साहब, नीचे कुछ है." तोवर चार मीटरवरचे झाकणाचे दगड निघाले होते.

त्या रात्री मी मूळ फाइल उघडून फिल्टर काढला. 22 नॅनोसेकंदांवर सलग रेघ. शाळेतल्या पोरालाही दिसली असती. तसं मी मॅनेजरला मेलवर लिहिलं. उत्तर आलं नाही. सुधारित अहवालात कारण दिलं गेलं, 'जमिनीतील ओलावा'. पुढच्या वर्षी ती नोकरी सोडली. कारणं आणखीही होती, पण हे एक होतं.

आम्ही शिरूर तालुक्यातले. डेक्कन कॉलेजचं इनामगावचं उत्खनन 1968 ते 1983 चाललं, तेव्हा बाबा सायकलवरून बघायला जायचे. तिथेही ताम्रपाषाण काळातला पाण्याचा पाट मिळाला होता. फोनवर मी सगळं सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते दगड परत बसवले का रे?"

काही बसवले, बाबा. पुरातत्त्ववाल्यांनी दगडांना नंबर घातले, मोजमापं घेतली, फलज वाळूने झाकला आणि रस्त्याची कड थोडी सरकवली. जे फुटले होते ते फुटलेच.

नव्या ठिकाणी मी दोन गोष्टी हट्टाने करून घेतल्या. लांबीच्या रेघांसोबत आडव्या रेघाही घ्यायच्या, म्हणजे दोन्ही दिशांचं दिसतं. आणि अहवालात पुसलेलं आणि न पुसलेलं अशी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी द्यायची. क्लायंट कुरकुरतात, हे दुसरं इतकं घाण का दिसतं म्हणून. परवाच एकाने विचारलं, काढून टाकता येईल का? नाही म्हटलं. पैसे अजून यायचेत.